पत्र लिहिण्यास कारण की...

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला 'चांगले कसे लिहावे' या विषयावर बोलावयास सांगितले होते. मी त्यांना विनंती करून विषय थोडा फिरवून घेतला. चांगले कसे लिहावे हे एका भाषणात सांगता येत नाही. परंतु लिहिताना आपण कोणत्या सवयी उगाच पाठीवर वागवतो, त्या कुठून आल्या आणि त्या उतरवून ठेवल्या तर काय होते, एवढे अर्ध्या तासात सांगता येईल. तेव्हा आज मी काय करावे ते सांगणार नाही, काय सोडावे ते सांगणार आहे.

यंदाच्या निबंधस्पर्धेचे निबंध मी परीक्षक म्हणून वाचले. विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. आपला गाव कोकणातला. जुलै महिन्यात आपल्याकडे साकव पाण्याखाली जातो, तरी बंद होते, पलीकडच्या वाडीतली मुले दोन-दोन दिवस शाळेत पोहोचत नाहीत. आगोटीच्या आधी घराघरांत तांदूळ, सुकट, लाकडे भरण्याची जी धांदल उडते ती या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली, हातांनी केलेली आहे. पण निबंधांत काय होते? आकाशात काळेकुट्ट ढग जमा झाले होते, मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचत होते, बळीराजा आनंदला होता आणि सृष्टीने हिरवा शालू नेसला होता. एकामागून एक, सगळीकडे तोच मोर! मी या गावात इतकी वर्षे मास्तरकी केली, आमच्या शाळेच्या आवारात मी तरी मोर पाहिलेला नाही. तो गाईडातून आला होता.

त्यात एका मुलीचा निबंध होता. सातवीतली मुलगी. पहिली दीड पाने मोराची. शेवटी दोन ओळी होत्या: आमच्या पडवीत पाणी आले, तेव्हा अम्मीने तांदळाची गोणी माळ्यावर चढवली आणि माझी वही त्या गोणीवर ठेवली. मित्रहो, तेवढ्या दोन ओळींत पाऊस होता, घर होते, आई होती, आणि त्या आईला लेकीच्या शिक्षणाचे किती मोल वाटते तेही होते. पण त्या दोन ओळी मुलीने रेघ मारून खोडल्या होत्या. मोर तसाच ठेवला होता, आणि आईला खोडून टाकले होते.

असे का झाले याचा विचार करू लागलो, तेव्हा मला वाटले की याचा दोष त्या मुलीला देता येणार नाही. कागदावर लिहायचे म्हणजे काहीतरी निराळे, घरच्या बोलण्याहून उंचावरचे लिहायचे, ही समजूत फार जुनी आहे. आणि आपण तर दोन्ही बाजूंनी तिचे वारसदार आहोत. आपल्या घरांतून पत्रे जात ती उर्दूत किंवा मराठीत. उर्दू पत्र सुरू व्हायचे ते 'बाद सलाम के मालूम हो' असे, मग 'यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत नेक मतलूब है', मग 'दीगर अहवाल'. मराठी पत्रात 'साष्टांग नमस्कार' किंवा 'सप्रेम सलाम', मग 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे', आणि मग 'पत्र लिहिण्यास कारण की'. हे दोन साचे एकमेकांचे सख्खे भाऊ शोभतील. याचे नवल वाटायला नको. मराठीने लिहिण्याचा दफ्तरी थाट फारसीकडून पुष्कळ घेतला. आपला 'अर्ज' अरबी-फारसीतून आला, 'मजकूर' आला, 'दाखला' आला, 'तारीख' आली. दौत आली, शाईसुद्धा आली. शब्द आले ते फार कामाचे होते. त्यांच्याबरोबर थाटही आला.

हा साचा निरुपयोगी होता असे मी म्हणणार नाही. आपली माणसे आगबोटींवर खलाशी होती, आफ्रिकेत होती, आणि सन १९७०नंतर मोठ्या संख्येने आखाती देशांत गेली. घरी पत्र लिहिणारे एखादेच. शेजारच्या मुलाला बोलावून, नाहीतर पोस्टाच्या ओट्यावर बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडून पत्र लिहून घ्यावयाचे. त्या तिऱ्हाईत पोराच्या देखत बाईने नवऱ्याला काय सांगावे? तेव्हा हा साचा तिची अब्रू झाकत असे. पत्र पोहोचायलाही बरेच दिवस लागत. अशा वेळी 'सर्व क्षेम' हे शब्द आधी दिसणे ही देखील एक गरजच होती. परंतु ती निळी पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवत असेल की दोन घड्या भरून खैरियत आणि सलाम, अमक्याचा सलाम, तमक्याची दुवा; आणि जागा संपल्यावर, चिकटवायच्या पट्टीच्या कडेला, बारीक अक्षरात उभे लिहिलेले असे: छप्पर गळते आहे, थोरल्याची फी भरायची आहे, सासऱ्यांना दिसेनासे झाले आहे. त्याच्या डोक्यावर 'ता. क.' असे. ताजा कलम! पत्र लिहिण्याचे खरे कारण ताज्या कलमात, आणि 'पत्र लिहिण्यास कारण की' याच्या पुढे नुसतीच भाषा.

या सवयीतून बाहेर पडलेल्या एका माणसाची हकीकत मला आज सांगायची आहे. मिर्झा असदुल्ला खान गालिब. त्यांना आपण शायर म्हणून ओळखतो. मुशायऱ्यात, कव्वालीत त्यांचे नाव घेतो. पण माझ्या मते विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जायचे ते आधी त्यांच्या पत्रांसाठी. जन्म १७९७, आग्रा. मृत्यू १८६९, दिल्ली. त्यांच्या काळी सुशिक्षित माणसाचे पत्र म्हणजे फारसी पत्र, आणि फारसी पत्र म्हणजे आधी अलकाब-आदाब. कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणती विशेषणे लावायची, वडिलांना काय, उस्तादांना काय, मित्राला काय, याचे मोठे शास्त्र होते. आणि गंमत पाहा, या शास्त्रावर गालिबांनी स्वतः लिहिलेले आहे. 'पंज आहंग' नावाचे त्यांचे फारसी गद्याचे पुस्तक १८४९ साली छापले गेले. त्याचा पहिला भाग पत्रातील संबोधनांचाच आहे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर गाईड लिहिणारे तेच.

आणि तेच गालिब १८५०च्या सुमारास उर्दूत पत्रे लिहू लागले आणि हा सगळा सरंजाम त्यांनी बाजूला ठेवला. 'यादगार-ए-गालिब' हे त्यांचे चरित्र मौलाना हालींनी १८९७ साली प्रसिद्ध केले. हाली कारण देतात ते साधे आहे. बहादुरशहा जफर यांच्या दरबाराकडून गालिबांना तैमूरी घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम मिळाले होते. त्या कामात इतकी मेहनत पडे की फारसीत घासूनपुसून पत्रे लिहायला त्राण उरत नसे. तेव्हा ते सरळ उर्दूत, बोलल्यासारखे लिहू लागले. कोणतीही प्रतिज्ञा नाही, सुधारणेचा जाहीरनामा नाही. माणूस दमला आणि त्याने ओझे खाली ठेवले, एवढेच!

मग काय झाले? पत्र एकदम सुरू होऊ लागले. 'मियाँ', 'भाई', 'बरखुरदार', आणि पुढे सरळ मुद्दा. कधी तेवढेही नाही. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल तफ्ता, मीर मेहदी मजरूह अशा शागिर्दांना लिहिताना ते समोर बसल्यासारखे बोलतात. काही पत्रांत तर नाटकासारखा संवाद आहे, हा असे म्हणाला, मी असे म्हणालो. आपण पत्रव्यवहाराची बातचीत करून टाकली, असे ते स्वतः अभिमानाने म्हणत. आणि जागा मोकळी झाली तेव्हा त्या जागेत केवढे मावले! १८५७ नंतरची उजाड दिल्ली त्या पत्रांत आहे. कोण मेला, कोण परागंदा झाला, कोणती गल्ली पाडली, पाऊस किती पडला, घराचे छत कसे गळते, पेन्शन बंद पडल्यावर घर कसे चालते, सगळे आहे. जुन्या अलकाबांचे ओझे असते तर यातले किती कागदावर उतरले असते, याचा विचार करा.

शिष्य-मित्रांनी ही पत्रे छापावी म्हटले, तेव्हा १८५८ साली गालिबांनी आधी नकारच दिला. सहज खरडलेली पत्रे आपल्या नावाला शोभणार नाहीत असे त्यांना वाटले. पुढे मन वळले. 'ऊद-ए-हिंदी' १८६८मध्ये मीरतहून निघाले आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. आज उर्दू गद्याचा इतिहास या दोन पुस्तकांशिवाय लिहिता येत नाही. त्या सातवीतल्या मुलीनेही त्या दोन ओळी शोभणार नाहीत म्हणूनच खोडल्या. माणूस केवढाही मोठा असो, ही शंका त्याला येतेच.

येथे एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींसाठी सांगितली पाहिजे, नाहीतर मुलांना मी बेअदबी शिकवतो असे वाटेल. गालिबांनी अदब सोडली नाही. रामपूरच्या नवाबांकडून त्यांना १८५९पासून दरमहा शंभर रुपये मिळत. त्यांना लिहिताना ते पूर्ण मानाने लिहीत. फरक असा की तेथेही गालिब आपली अडचण झाकून ठेवत नसत. सलाम करावा, जरूर करावा. सलाम करता करता आपण कशाला आलो तेच विसरणे, ही मात्र अदब नव्हे.

गालिबांच्याच परिचयातले दुसरे गृहस्थ सर सय्यद अहमद खान. त्यांचे 'आसारुस्सनादीद' हे दिल्लीच्या इमारतींवरील पुस्तक १८४७ साली निघाले. कुतुबमिनारवरचे उंचावरील लेख वाचण्यासाठी ते टोपलीत बसून लोंबकळत असत, असे हालींनी लिहिले आहे. इतक्या जोखमीने गोळा केलेली माहिती पहिल्या आवृत्तीत मात्र अलंकारिक, यमकांनी जड झालेल्या भाषेत दडली. सात वर्षांनी, १८५४ साली, त्यांनी दुसरी आवृत्ती काढली ती नव्याने लिहून, साध्या भाषेत. पुढे १८७०पासून 'तहजीबुल अख्लाक' मासिकात त्यांनी तीच साधी भाषा चालवली. आपण अलीगढचे नाव काढतो ते कॉलेजसाठी. एकदा छापलेले पुस्तक पुन्हा लिहायला बसणारा माणूस मला त्या कॉलेजइतकाच मोठा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठ्यांची आणि जुन्या काळची गोष्ट. आमच्या मुलांना तर फक्त मार्क हवे आहेत. ठीक आहे. मग मी अर्जाबद्दल बोलतो, कारण अर्ज प्रत्येकाच्या नशिबी आहेत.

आमच्याच तालुक्यातली एक विधवा बाई. नवरा परदेशात नोकरीला होता, तेथेच वारला. त्याचा राहिलेला पगार आणि नोकरीची देणी मिळावीत म्हणून तिने एका कचेरीकडे अर्ज केला. अर्ज नात्यातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी लिहून दिला होता, चांगला दोन पाने. 'आपणासारख्या दयाळू, कर्तव्यदक्ष व गोरगरिबांच्या कैवारी अधिकाऱ्यांच्या चरणी' इथपासून सुरुवात. दैवाचा घाला, डोक्यावरचे छत्र हरपणे, अंधारलेले भविष्य, सगळे त्यात होते. नव्हते ते एवढेच: नवऱ्याचा पासपोर्ट क्रमांक, कंपनीचे नाव, मृत्यूची तारीख, किती महिन्यांचा पगार राहिला, आणि बाईला कचेरीने नेमके काय करायला हवे आहे ते. चार महिन्यांनी कागद परत आला. शेरा होता, आवश्यक तपशील नाही.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटले, बाई, अर्ज राहू द्या, काय झाले ते तोंडाने सांगा. तिने पाच मिनिटांत सगळे सांगितले. कोण, कुठे, कधी, किती, कोणता कागद घरात आहे आणि कोणता कंपनीकडे अडकला आहे. सगळे ओळीने, एकही शब्द फुकट नाही. मी ते तसेच उतरवून काढले. अर्धे पान झाले. वर 'महोदय' आणि खाली 'आपली विश्वासू', एवढीच काय ती सजावट. पैसे हाती पडायला पुढे बराच काळ गेला, ते मी लपवत नाही. पण कागद परत आला नाही. विचार करा, त्या बाईला आपले म्हणणे मांडता येत होते. पहिला अर्ज लिहून देणाऱ्याने तिला विचारलेच नव्हते. त्याला अर्ज कसा लिहितात ते ठाऊक होते ना!

सरकारलाही हे एका ठिकाणी उमगले असावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. महाराष्ट्रात २०१२ साली नियम बदलले आणि अर्ज एकाच विषयावर व साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा असे ठरले. त्या मर्यादेवर टीकाही झाली आणि काही टीका रास्त आहे. पण दीडशे शब्दांत आपले म्हणणे मांडण्याचा सराव आपल्या मुलांना असलाच पाहिजे. पालकांनी घरी करून पाहावे. रेशनकार्डावर नाव चढवण्याचा अर्ज मुलाला लिहायला सांगावा, आणि त्यातून 'मी आपणास नम्रतापूर्वक विनंती करू इच्छितो की' असली वाक्ये एक-एक काढत जावे. काय उरते ते पाहावे. कधी कधी काहीच उरत नाही.

विद्यार्थ्यांच्या आणखी दोन-तीन सवयी सांगतो. पुरवण्या मोजण्याची एक. परीक्षेतून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, किती पुरवण्या लावल्यास? काय लिहिलेस हे कोणी विचारत नाही. मग मुले एकच मुद्दा तीन वेळा लिहितात. तपासणारा तिन्ही वेळा वाचतो आणि मार्क एकदाच देतो.

दुसरी सवय खाडाखोडीला भिण्याची. कच्ची वही आता मुलांकडे राहिलीच नाही. पहिले वाक्य सुचेपर्यंत पोर पेन चावत बसते, कारण जे उतरेल ते पक्केच उतरले पाहिजे अशी त्याची समजूत. ती सोडा. आधी मनात असेल ते भराभर, वेडेवाकडे लिहा. मग पहिला परिच्छेद वाचून पाहा. बहुतेक वेळा तो घसा साफ करण्यासाठी लिहिलेला असतो, तो काढून टाकला तरी चालतो.

तिसरी सवय मला सर्वांत जास्त खुपते, ती घरच्या शब्दांची लाज बाळगण्याची. मुले साकव म्हणतात पण 'छोटा पूल' लिहितात. घरी दादी म्हणतात आणि वहीत 'आजी' लिहितात, कारण पुस्तकात आजी आहे. यात आम्हा शिक्षकांचा वाटा आहे, लाल पेन आमच्याच हातात असते. प्रमाणभाषा शिकलीच पाहिजे, त्यात सूट नाही. पण प्रमाणभाषा देखील दगडावरची रेघ नव्हे. येथे जमलेले वडीलधारे लहानपणी 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे अनुस्वार देऊन शिकले. १९६२च्या नियमांनी ते अनुस्वार गेले. सुरुवातीला पुष्कळ कुरकूर झाली, आणि आज त्या टिंबांवाचून कोणाचे अडत नाही. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६५ साली 'इंधन' ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्यांच्या विचारांविषयी आपल्या समाजात किती तीव्र मतभेद आहेत हे मी जाणतो. तो आजचा विषय नाही. पण कोकणातल्या खेड्यातले हिंदू-मुसलमान आणि त्यांचे रोजचे जगणे हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. पुढे १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांना मिळाले. तेव्हा मराठी परकी आणि आपण तिच्या दारातले पाहुणे, हा संकोच तरी मुलांनी करू नये.

मोबाइलबद्दल एकच शब्द. मुले मोबाइलवर वाकडेतिकडे लिहितात म्हणून पालक तक्रार करतात. मला त्याची एवढी काळजी वाटत नाही. निदान तेथे ती बोलल्यासारखी लिहितात. मला काळजी वाटते ती मोठ्यांची. ईदच्या दिवशी मला साठ-सत्तर संदेश आले, सगळे आयते, फुलांचे, कोणाचे तरी पुढे ढकललेले. त्यात एका जुन्या विद्यार्थ्याने दोन ओळी स्वतः लिहिल्या होत्या. सर, अब्बांना आता चालता येते, आज ईदगाहपर्यंत आले. तेवढ्या एकाला मी फोन केला.

पालकांना शेवटी एक विनंती. मुलाने काही लिहून दाखवले तर पहिल्यांदा अक्षरावर बोलू नका, शुद्धलेखनावर बोलू नका. 'तुला काय सांगायचे होते' हे विचारा. त्याने तोंडाने सांगितले की म्हणा, मग हेच लिही. आणि घरातली गोष्ट बाहेर कशाला, म्हणून त्याला गप्प करू नका. पडवीत पाणी आले यात कसली लाज आली?

संस्थेच्या कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे, ती येथेच जाहीर करतो. पुढील वर्षीच्या निबंधस्पर्धेचा विषय आहे 'आमच्या घरी पाणी कुठून येते'. पाचवीपासून दहावीपर्यंत सर्वांना एकच विषय. मराठीत लिहा किंवा उर्दूत. एक पान, त्याहून जास्त वाचले जाणार नाही. घरातल्या कोणा एका वडील माणसाला विचारून मिळालेली निदान एक गोष्ट त्यात असावी. कच्चा कागद पक्क्याला जोडून द्यायचा आहे. खाडाखोड असली तरी चालेल, आणि जे खोडले असेल तेही मी वाचणार आहे. निबंध दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावेत.